पाखाडीवरचा उजेड : बाबांच्या रात्रीच्या वाटेसाठी बॅटरी निवडताना

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून आत, डोंगराच्या उतारावरच्या वाडीत. घरापासून ग्रामदेवतेच्या देवळापर्यंत साधारण नऊशे मीटर. त्यातली निम्मी वाट जांभ्या दगडाच्या पाखाडीची, म्हणजे पायऱ्यांची, मग पऱ्या (ओढा) आणि त्यावरचा साकव (छोटा पूल), आणि पुढे दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जाणारी मातीची वाट. बाबा आता ६८ वर्षांचे आहेत. रात्री आठला देवळात जातात, आरती होते, भजन असेल तर भजन, नाहीतर पारावर गप्पा, आणि दहाच्या सुमाराला घरी. चाळीस वर्षांचा हा नेम. तो मोडावा असं मला कधी वाटलं नाही आणि आईलाही नाही. घरात बसवून ठेवलेला माणूस लवकर म्हातारा होतो, हे आम्ही आजोबांच्या बाबतीत पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात पाखाडी चढून येताना बाबांच्या पायापासून वीतभर अंतरावर फुरसं (विषारी साप) होतं. दिसलं नाही, ऐकू आलं. फुरसं वेटोळं घालून अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं, त्याचा करकर आवाज येतो. बाबांनी तो लहानपणापासून ऐकलेला, म्हणून पाय जागच्या जागी थांबला. हातातली बॅटरी तेव्हा चालू होती, पण उजेड पिवळा पडून विझायच्या बेतात आला होता. आईने दुसऱ्या दिवशी मला पुण्याला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "चार्जिंगची, जास्त दिवस टिकणारी एक चांगली बॅटरी आण."

"जास्त दिवस टिकणारी" या तीन शब्दांचा अर्थ लावण्यात माझे तीन महिने गेले. तो सगळा प्रवास लिहून ठेवतोय, कारण गावोगावी हाच प्रश्न आहे आणि दुकानात त्याचं उत्तर मिळत नाही.

आधीच्या बॅटऱ्या का गेल्या

आजोबांच्या वेळी माडाच्या चुडतांची चूड पेटवून लोक जायचे. मग मोठ्या सेलची स्टीलची बॅटरी आली. दोन किंवा तीन सेल, मागे झाकण, पुढे बल्ब. तिचा उजेड आजच्या मानाने फिका, पण ती बिघडली की काय बिघडलंय ते उघडून दिसायचं. पडवीत खुंटीवर ती अजून टांगलेली आहे.

त्यानंतर तालुक्याच्या बाजारातून आणलेली चार्जिंगची बॅटरी. मागून दोन पिना बाहेर काढून थेट भिंतीच्या सॉकेटात लावायची, ती. तिच्या आत शिसे-आम्लाचा छोटा सीलबंद संच असतो, स्कूटरच्या बॅटरीचाच लहान भाऊ. पहिलं वर्ष तिने चांगलं काम केलं. मग बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आईबाबा अडीच महिने माझ्याकडे राहिले, आणि ती बॅटरी तेवढे दिवस रिकामी पडून राहिली. शिसे-आम्लाला रिकामं राहणं सोसत नाही. प्लेटांवर शिशाचं सल्फेट कडक होऊन बसतं आणि मग कितीही तास चार्जिंगला लावा, ती भरल्यासारखी दाखवते आणि वीस मिनिटांत बसते. फुरशाच्या रात्री बाबांच्या हातात हीच होती. दोष माझा वाटतो, कारण परत जाताना ती तपासायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग घाईघाईने मी ऑनलाइन एक मागवली. झूमवाली, काळी, दणकट दिसणारी. खोक्यावर १०,००० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप), आतल्या सेलवर ९,९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप). गावी नेण्याआधी मी दोन गोष्टी केल्या, त्या कुणालाही घरी करता येतील.

पहिली म्हणजे सेल वजनकाट्यावर ठेवला. हा सेल १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. लॅपटॉपपासून विजेवरच्या सायकलींपर्यंत हेच माप चालतं. या मापात सहसा मिळणारा चांगला सेल ३,५०० ते ३,६०० एमएएचपर्यंत जातो, अगदी नवे मोजके सेल ४,०००पर्यंत. त्याचं वजन ४५ ते ४८ ग्रॅमच्या आसपास असतं. माझ्या हातातला ९,९०० वाला ३१ ग्रॅम भरला. आत माल कमी, हे सांगायला आणखी कुठलं यंत्र लागलं नाही.

दुसरी गोष्ट, रात्री न्हाणीघराचं दार लावून बॅटरी जमिनीवर उभी ठेवली, तोंड छताकडे. शेजारी स्टुलावर मोबाईल, त्यात उजेड मोजायचं साधं अ‍ॅप. छतावरून परतलेला उजेड दर दहा मिनिटांनी लिहून घेतला. हे आकडे ल्युमेन नव्हेत, पण सुरुवातीच्या तुलनेत उजेड किती उरला ते त्यातून नेमकं कळतं. सुरुवातीला ६२, दहा मिनिटांनी ४१, चाळीस मिनिटांनी १७, दीड तासाने ६. म्हणजे बाबा घरून निघाले तर देवळात पोचताना उजेड निम्म्यावर. आणि हे इतकं हळूहळू होतं की चालणाऱ्याच्या लक्षात येत नाही, डोळा जुळवून घेत राहतो. माझ्या मते धोका इथेच आहे. बॅटरी एकदम बंद पडली तर माणूस थांबतो. उजेड हळूहळू ओसरला तर तो चालतच राहतो.

आधी वाट मोजली

दिवाळीत गावी गेलो तेव्हा चार रात्री बाबांबरोबर देवळात गेलो, हातात घड्याळ घेऊन. उतरताना १८ मिनिटं, चढताना २२. पारावर बॅटरी बंद. म्हणजे रोज चाळीस मिनिटं, आठवड्याला चार तास चाळीस मिनिटं. पौर्णिमेच्या आसपास बाबा मातीच्या वाटेवर बॅटरी लावतच नाहीत, पण मी हिशेब अमावास्येचा धरला.

उजेड किती हवा? बाबांना पायापुढची तीन-चार पावलं स्वच्छ दिसायला हवीत, दोन्ही बाजूंचे गडगे दिसायला हवेत, आणि रानडुकरांचा वास किंवा आवाज आला तर क्षणभर पन्नास-साठ मीटरवर झोत टाकता यायला हवा. पहिल्या दोन कामांना १०० ते १५० ल्युमेन पुरतात. तरुण डोळ्यांना याहून कमीही चालेल, पण वयाप्रमाणे डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे बाबांसाठी मी वरचा आकडा धरला.

आता गणित. ३,५०० एमएएचच्या एका १८६५० सेलमध्ये सुमारे १२.६ वॉट-तास ऊर्जा मावते. बऱ्यापैकी एलईडी आणि त्यामागचं सर्किट मिळून एका वॉटमागे शंभराच्या आसपास ल्युमेन देतात, कधी थोडे जास्त, कधी कमी. म्हणजे एका सेलमध्ये साधारण १,२६० ल्युमेन-तास. १५० ल्युमेनवर आठ तासांच्या आसपास. बाबांच्या चालीने अकरा-बारा रात्री.

हा साधा गुणाकार हाताशी आला की दुकानातली अर्धी खोकी आपोआप बाजूला होतात. एका चांगल्या कंपनीच्या खोक्यावरही लिहिलं होतं : १,००० ल्युमेन, ३ तास. गुणाकार ३,०००. एका सेलमध्ये तेवढं मावतच नाही. पण कंपनी खोटं बोलत नव्हती. एफएल-१ नावाचं एक मानक आहे, त्यात सुरुवातीचा उजेड चालू केल्यानंतर अर्ध्या मिनिटाने मोजतात आणि तो दहा टक्क्यांवर घसरेपर्यंतचा सगळा वेळ "चालण्याचा वेळ" म्हणून धरतात. त्यामुळे हजार ल्युमेन पाच मिनिटं, मग बॅटरी तापू नये म्हणून तीनशे-चारशे, शेवटी शंभर, आणि तरी खोक्यावर तीन तास. झोताच्या अंतराचंही तसंच. २०० मीटर लिहिलेलं असतं, तिथे पोचणारा उजेड असतो पाव लक्स, म्हणजे जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याइतका. चांदण्यात डुक्कर आहे की झुडूप हे कळायला जवळ जावं लागतं. मी लिहिलेल्या अंतराचा तिसरा हिस्सा धरतो.

म्हणून खोक्यापेक्षा आतला आलेख पाहावा. वेळेप्रमाणे उजेड कसा बदलतो, ती रेघ. मधल्या पायरीची रेघ बराच वेळ आडवी चालून शेवटी खाली येत असेल तर आतलं सर्किट उजेड धरून ठेवणारं आहे. सुरुवातीपासूनच उतरत असेल तर माझ्या न्हाणीघरातल्या झूमवालीची गोष्ट. आलेखच दिलेला नसेल तर मी ती बॅटरी घेत नाही.

काथ्याच्या दोराचा प्रयोग

गणिताने टिकण्याचा प्रश्न सुटला, दिसण्याचा सुटला नव्हता. डिसेंबरच्या अमावास्येला आम्ही एक प्रयोग केला. काथ्याच्या जुन्या दोराचे हातभर लांबीचे सहा तुकडे कापले, फुरशाएवढेच, आणि वेटोळी करून आईने पाखाडीवर आणि गडग्याच्या कडेला ठेवले. कुठे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. वर थोडा काजूचा पाला. मग बाबा त्यांच्या नेहमीच्या चालीने खाली आले, मी मागे. दर फेरीला आई जागा बदलत होती. तीन बॅटऱ्या, तीन फेऱ्या. एका वाडीतली एक रात्र, यावरून जगाचा नियम काढता येणार नाही, पण आमच्या वाटेपुरतं उत्तर मिळालं.

झूमवालीने बाबांना सहापैकी दोन दोर दिसले. तिचा झोत अरुंद, मध्ये चौकोनी लख्ख ठिपका आणि बाजूला काळोख. ठिपक्याकडे पाहून डोळे दिपतात आणि कडेचं काहीच दिसत नाही. शिवाय उजेड निळसर पांढरा, त्यात जांभा, वाळका पाला आणि काथ्या सगळे एकाच राखाडी रंगाचे झाले. मोबाईलच्या उजेडात तीन दिसले. तो पसरट असतो हे बरं, पण तीन पावलांपलीकडे पोचत नाही, आणि वाटेत काही झालंच तर फोन करायला फोन शिल्लक हवा.

तिसरी बॅटरी मी पुण्याच्या मित्राकडून उसनी आणली होती. इंग्रजी एल अक्षरासारखी काटकोनी, हाताच्या बोटाएवढी, वर क्लिप. उजेड पसरट आणि किंचित उबदार, रंगतापमान ४,००० केल्व्हिन. बाबांनी ती कमरेच्या पट्ट्याला अडकवली आणि सहाच्या सहा दोर सांगितले, त्यातला एक पाल्याखाली निम्मा झाकलेला.

यात दोन गोष्टींचा हात होता असं मला वाटतं. एक रंग. उबदार उजेडात लालसर जांभ्यावर तपकिरी दोर वेगळा दिसला. दुसरी, आणि ही मला आधी सुचलीच नव्हती, उजेडाची उंची. कमरेवरून तिरपा पडणारा उजेड प्रत्येक वस्तूमागे लांब सावली टाकतो. वेटोळ्याची सावली वेटोळ्याच्या आधी दिसते. सापाच्या बाबतीत याला महत्त्व आहे, कारण मांजर किंवा बिबट्याच्या डोळ्यांत उजेड परतवणारा पडदा असतो आणि ते लांबून चमकतात. सापाच्या डोळ्यांत तो नसतो. साप चमकत नाही, तो आकारावरून आणि सावलीवरूनच ओळखावा लागतो.

डोक्याला बांधायची बॅटरी यासाठीच नको ठरली. डोळ्यांच्या रेषेतून उजेड पडला की सावल्या वस्तूमागे लपतात. पावसाळ्यात धुक्यात आणि सरींमध्ये तोच उजेड उलटा डोळ्यांवर येतो, बाबांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तर फारच. जूनमध्ये पाखरं तोंडावर येतात. आणि समोरून येणाऱ्याशी बोलायला मान वर केली की त्याचे डोळे दिपतात. "माणसाच्या तोंडावर बॅटरी मारायची नसते," हे बाबांनी आम्हाला लहानपणी शिकवलेलं. ती डोक्यावर बांधून ते फिरणं शक्य नव्हतं.

तिसरा हात

खरा निकाल लागला तो आईच्या एका प्रश्नाने. "पावसात एका हातात छत्री, एका हातात काठी. मग बॅटरी कुठे धरायची?"

चार महिने आमच्याकडे हीच स्थिती असते. आजवर बाबा छत्रीच्या दांड्याबरोबरच बॅटरी मुठीत धरत, झोत वाऱ्याप्रमाणे हलत राही. मी तीन महिने ल्युमेन आणि सेल मोजत होतो आणि हात मोजायचे विसरलो होतो. काटकोनी, क्लिपवाली बॅटरी घ्यायची हे त्या क्षणी ठरलं. हात मोकळे, उजेड कमरेवर, तोंड आपोआप पुढे.

बाकीच्या गोष्टी पटापट ठरल्या. पाण्यासाठी आयपीएक्स ७ किंवा ८. सातचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणं, आणि साकवावरून पऱ्यात पडली तर तेवढं हवंच. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे, ते कोकणच्या पावसाला कमी. सेल बाहेर काढता येणारा हवा, आत कायमचा बसवलेला नको. लिथियमचा सेल वापरो न वापरो, काही वर्षांत थकतो. तो बदलता आला तर बॅटरी टिकते. चार्जिंग टाइप-सी, म्हणजे घरातल्या मोबाईलच्या वायरीवर चालावं. इथे एक खाच आहे : काही बॅटऱ्यांना टाइप-सीचं भोक असतं, पण दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या वायरीने त्या चार्ज होत नाहीत, एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी लागतं. आत लागणारे दोन छोटे रोधक कंपनीने वाचवलेले असतात. घेताना विचारावं, नाहीतर घरचे "बॅटरी खराब निघाली" म्हणून ठेवून देतात.

बटणाबद्दल मी जरा हट्टी होतो. बाबांच्या अंगठ्याला एकच काम असावं : दाबलं की लागलं, दाबलं की गेलं, आणि दर वेळी मधल्याच पायरीवर. दोनदा दाबलं की पूर्ण झोत. लुकलुकणारा उजेड असलाच तर खोल कुठेतरी दडलेला. झूमवालीत बटण अर्धवट दाबलं गेलं की ती लुकलुकायला लागायची आणि काळोखात पाखाडीवर उभं राहून ते बंद करणं बाबांना जमत नसे.

एका मॉडेलला अतिनील दिवाही होता. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतात, आणि आमच्या गडग्यांत लाल विंचू भरपूर. शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कितीतरी जीव वाचवले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हा उपचार येण्याआधी विंचवाने माणसं दगावत, हे आमच्या वाडीतल्या जुन्या लोकांनी पाहिलंय. तरी तो दिवा मी घेतला नाही. चालताना तो लावणार कोण? परसात लाकडं काढताना त्याचा उपयोग होईल, ते काम निराळं.

लाईट गेली तर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत तीन आठवडे वीज नव्हती. पोफळी आडव्या, खांब आडवे, मोबाईल बंद. तेव्हाची रात्र ज्याने पाहिली तो "किती तासांत चार्ज होते" हा प्रश्न नंतर विचारतो. आधी विचारतो, चार्ज न करता किती रात्री. मोठ्या २१७०० मापाच्या सेलचा पर्याय होता, त्यात ५,००० एमएएच, म्हणजे १८ वॉट-तास. पण सेलच सत्तर ग्रॅम, बॅटरी जाडजूड, पट्ट्याला लोंबकळणारी. बाबांनी ती दोन रात्री वापरून परत दिली. मग १८६५०चीच घेतली, अडीच हजारांच्या आत, आणि वर १०,००० एमएएचची पॉवर बँक. तिच्यातून सगळी तूट धरून सेल दीड-दोन वेळा भरतो. पहिल्या भरलेल्या सेलसह वादळात साडेतीन-चार आठवडे निघतील.

सुटा दुसरा सेल घेऊन ठेवला नाही. खिशात किल्ल्यांबरोबर पडला आणि दोन टोकं जोडली गेली तर पेट घेण्याएवढी ताकद त्यात असते, आणि नुसता पडूनही तो म्हातारा होतोच. लागेल तेव्हा नवा आणू.

गावी नेण्याआधी न्हाणीघरातली चाचणी पुन्हा केली. मधल्या पायरीवर उजेडाची रेघ सात तास दहा मिनिटं जवळजवळ सरळ, मग खाली. खोक्यावर आठ तास होते. रंग खरे दाखवणारे एलईडी वॉटमागे थोडा कमी उजेड देतात, तो फरक मला मान्य आहे. दहा रात्री मिळतात.

आता दीड वर्ष झालं, दोन पावसाळे धरून. एकदा मागच्या झाकणाच्या आट्यांत चिखल गेला, तो पुसून रबरी कड्याला सिलिकॉनचं ग्रीस लावलं. चार्जिंगच्या भोकावरची रबराची टोपी सैल झालीय, तिच्यावर लक्ष आहे. सेल कुठल्या बाजूने बसतो ते कळावं म्हणून आत लाल नेलपॉलिशने बाण काढलाय. बाबांची एकच तक्रार उरलीय : खाली वाकलं की उजेड पायांवर जातो. त्यासाठी क्लिप जरा तिरपी बसवता येते का, ते या मे महिन्यात बघायचंय.

चार्जिंग आईने आपल्याकडे घेतलंय. दहा रात्री पुरत असली तरी ती दर रविवारी लावते, म्हणजे सेल पूर्ण रिकामा होत नाही आणि रविवारी लाईट गेलीच तर हातात तीन रात्री राहतात. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर प्रत्येक रविवारच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली, तिने पेन्सिलीने बारीक "बॅ" लिहिलेलं असतं.